नऊ आटे

"माझे वडील उद्या अकरा वाजता कबुलीजबाबावर सही करणार आहेत," ती म्हणाली. "त्यांनी काही केलेलं नाही, हे मला माहीत आहे. पण त्यांना माहीत नाही."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वकिली सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती आणि आता खासगी तपास हेच त्यांचं काम होतं, पण जुनं नाव चिकटलं ते चिकटलंच. खिडकीशी पेन्सिलीला टोक काढत बसलेले मास्तर थांबले. मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक. तपासातल्या जागांची आणि वस्तूंची चित्रं ते काढून देत. आपला हात अचूक आहे, डोकं मात्र मागून चालत येतं, असं ते स्वतःच सांगत.

"त्यांना माहीत नाही, म्हणजे?"

"विसरतात. दीड वर्ष होत आलं. सकाळचं दुपारी आठवत नाही. हात मात्र अजून पक्का आहे, बाई. मी नर्स आहे, मला फरक कळतो."

डोंगरवाटांवर पर्यटकांना एटीव्हीवरून, म्हणजे जाड टायरांच्या उघड्या चारचाकींवरून, फिरवणारा दोघा भावांचा व्यवसाय होता. गाड्या सहा आणि मिस्त्री एकच, तिचे वडील. पाच दिवसांपूर्वी थोरले मालक वाट तपासायला सकाळी सातला दोन नंबरची गाडी घेऊन एकटे गेले. वळणावरून गाडी खाली ओढ्याच्या चिखलात कोसळली आणि त्यांची मान मोडली.

"पुढच्या दोन्ही शॉकअपवर एकेक रिंग असते," ती सांगू लागली. "शॉकअपच्या अंगावर आटे असतात, स्क्रूसारखे. रिंग फिरवत खाली नेली की स्प्रिंग दाबली जाते, ती बाजू कडक होते. वर नेली की सैल पडते. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे बाबा ती लावतात. रिंगच्या वर किती आटे उघडे राहिले ते अंगठ्याच्या नखानं मोजतात. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, नाहीतर वळणावर गाडी दगा देते."

"आणि या गाडीत?"

"डावीकडे दोन निघाले, उजवीकडे सतरा. बाबांच्या वहीत आदल्या दिवशीची नोंद आहे, दोन नंबर, दोन्हीकडे नऊ. ते सगळं वहीत लिहितात, लिहिलं नाही की गेलं. पण फौजदार म्हणतात, विसरभोळ्याच्या वहीला काय धरून बसायचं? आणि बाबाही मान डोलावतात. म्हणतात, माझ्याच हातून झालं असेल."

"घरात आणखी कोण?"

"माझा नवरा. तिथेच गाइड आहे. मालकांना त्यानंच शोधून काढलं. तो म्हणतो, बाबांना सही करू दे, वय बघून सोडतील."

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "मास्तर, पॅड घ्या."

*

चौकीच्या मागच्या आवारात दोन नंबरची गाडी तारेच्या कुंपणाआड उभी होती. करडा चिखल तिच्यावर प्लास्टरसारखा बसला होता.

"आली तेव्हाच वाळून खडखडीत होती," हवालदार म्हणाला. "त्या ओढ्याची माती तशीच आहे, उन्हात तासाभरात दगड होतो तिचा. इथे कुणाला बोट लावू दिलेलं नाही. आटे मोजले ते बघूनच."

"आणि तिकडे ओढ्यात?"

"सव्वानऊला आमची माणसं पोचली. तेव्हापासून गाडी नजरेआड नाही."

मास्तर उकिडवे बसले. आधी उजवा शॉकअप. रिंग बरीच खाली होती. वरचे आटे करड्या चिखलानं बुजलेले, त्यांच्या खालचे रिंगपर्यंत लखलखीत. मास्तरांनी वरचे काळे केले, खालचे कोरे सोडले. डावीकडे रिंग पार वर, आणि तिच्या डोक्यावर चिखलाची एक वळी, पुरणयंत्रातून निघावी तशी गुळगुळीत, न तडकता वाळलेली.

"जसं दिसतं तसंच काढा हं," बाई म्हणाल्या. "शोभेसाठी चिखल वाढवू नका."

"तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी हेच ओरडत आलोय," मास्तर म्हणाले.

मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला लांबट पोचा होता, त्यात पिवळा ओरखडा. मास्तरांनी तोही काढला. एवढ्या उंचावरून पडलेल्या गाडीला पोचे पडणारच, असं त्यांना वाटलं.

*

वर्कशॉपच्या दाराशी धाकटे मालक भेटले. दाढी वाढलेली, डोळे तांबरलेले.

"आमचं पटत नव्हतं, विचारा कुणालाही," ते आपणहून म्हणाले. "मला हे सगळं विकायचं होतं, दादाला नाही. पण त्या सकाळी सात ते नऊ मी आठ पाहुण्यांना हेल्मेट चढवून गाडी शिकवत होतो. आठांचे पत्ते देतो."

"थोरल्यांना कुणावर राग होता?"

"गाइडांपैकी कुणीतरी बंद केलेल्या वाटेवर पाहुणे नेत होतं. गेल्या महिन्यात एका बाईचा मणका मोडला. ती सांगेना, गाइडही सांगेनात. दादा म्हणाला होता, मला नाव कळलंय, आज त्याच्याशी बोलतो, उद्या त्याला काढतो." त्यांनी खांदे उडवले. "नाव घेऊनच गेला."

आत पाच गाड्या ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यांचे पुढचे बंपर पिवळे, चार नंबरचा तेवढा काळा. भिंतीवर पान्यांच्या आकृत्या रंगवलेल्या आणि आकृतीवर पाना.

मिस्त्री स्टुलावर बसले होते. मुलीनं ओळख करून दिली, तसे ते उठायला लागले.

"बसा, मिस्त्री. शॉकअप कसा लावता, तेवढं सांगा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "आधी पुढची चाकं जॅकवर घ्यायची, हवेत. मग ब्रशनं आटे साफ. मातीत रिंग फिरवायची नाही, आटे खाते. मग हुकपान्यानं रिंग फिरवायची. मग नख." त्यांनी अंगठा दाखवला. नख वाढवलेलं, निगुतीनं घासलेलं. "थोरल्यांना नऊ. दादा आठवड्याला एक किलो वाढतात, मी म्हटलं, जेवण कमी करा नाहीतर रिंग संपेल." ते हसले, मग मुलीचा चेहरा पाहून थांबले. "ते... गेले ना?"

"हो, बाबा."

"माझ्यामुळे."

मिस्त्रींनी हात कामात घातले. चार नंबरच्या सीटखालची हत्यारांची पिशवी उघडून त्यांनी एक छोटा हुकपाना काढला आणि कपाळाला आठी घातली. "हा बघा. कुणी असा ठेवला? हत्यार पुसून ठेवायची रीत नाही राहिली." ते फडकं शोधू लागले.

"थांबा!" बाईंनी पाना त्यांच्या हातून अलगद काढून घेतला. हुकाच्या कोपऱ्यात करडी माती घट्ट बसली होती. "हा मी ठेवते. तुमची वही बघू?"

वहीचं अक्षर मोठं आणि सरळ होतं. मास्तरांनी बाईंच्या खांद्यावरून वाचलं. अपघाताच्या आदल्या दिवशी: 'दोन नंबर. दोन्हीकडे नऊ.' अपघाताच्या दिवशी दुपारी एकच ओळ: 'चार नंबर. पुढचा बंपर वाकलेला. काढला. काळा बसवला.'

"चार नंबर कुणाची?"

"जावयाची," मिस्त्री म्हणाले. "जपून चालवतो पोरगा."

जावई बाहेर हेल्मेटं धूत होता. उंच, मऊ आवाजाचा. "विचारा ना, मॅडम. साडेसातला मी वरच्या वाटेवरचे दगड हटवायला गेलो. दादा वॉकीटॉकीवर उत्तर देईनात म्हणून खालच्या वाटेनं बघत आलो. साडेआठला दिसले. मी वॉकीटॉकीवरून कळवलं. लोक यायला चाळीस मिनिटं लागली, तोवर मी एकटाच त्यांच्याजवळ बसून होतो."

"गाडीला हात लावलात?"

"छे! नाडी बघितली फक्त. पण गाडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एक रिंग वर, एक खाली! सासऱ्यांचं काय होणार, हेच पहिल्यांदा मनात आलं."

"पोचताक्षणीच दिसलं?"

"पोचताक्षणी. शपथेवर सांगतो."

"हत्यारांची पिशवी उघडलीत?"

"कशाला उघडू?"

बाईंनी त्याचे आभार मानले. चालता चालता मास्तर म्हणाले, "भला माणूस दिसतो. पहिला विचार सासऱ्याचा."

"हो ना," बाई म्हणाल्या. "फौजदारांना फोन लावा."

*

चार वाजता सगळे वर्कशॉपमध्ये जमले. फौजदार घड्याळ बघत होते. बाईंनी मास्तरांचं चित्र भिंतीवर, दोन पान्यांच्या मधे टाचलं.

"मास्तर, उजव्या शॉकअपचे आटे मोजा. किती काळे काढलेत?"

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक टेकवत मोजलं. "नऊ."

"कोरे?"

"आठ."

"चिखल होता तिथे काळं, नव्हता तिथे कोरं. बरोबर? आता फौजदारसाहेब, गाडी ओढ्यात आपटली तेव्हा रिंग सतराव्या आट्याखाली असती, तर चिखल कुठवर बसला असता?"

"सतरापर्यंत," फौजदार म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं.

"बसलाय नऊपर्यंत. म्हणजे चिखल उडाला त्या क्षणी रिंग नवव्या आट्याखाली होती. नंतर कुणीतरी ती खाली नेली आणि झाकलेले स्वच्छ आटे उघडे पडले. डावीकडे ती वर नेली, तिथला चिखल पुढे ढकलला गेला, त्याची वळी झाली. वाळल्यावर ढकलला असता तर त्याचा भुगा झाला असता. वळी झाली, कारण तो ओला होता. गाडी पडली ती सारख्या रिंगांनी. दोन आणि सतरा हे पडल्यानंतर तासाभरातलं काम आहे, तिथेच, ओढ्यात."

मिस्त्री स्टुलावर पुढे सरकले. "म्हणजे नऊ बरोबर होते?"

"दोन्हीकडे, मिस्त्री. तुमच्या वहीत लिहिलं होतं तसे."

म्हाताऱ्यानं नखावरून अंगठ्याशेजारचं बोट फिरवलं. मुलगी रडायला लागली. तिचा हात नवऱ्याच्या बाहीवर होता.

"पण केलं कुणी?" धाकट्या मालकांनी विचारलं.

"तुम्ही आठ माणसांसमोर होतात. मिस्त्री असते, तर त्यांनी आटे साफ केल्याशिवाय रिंग हलवलीच नसती. सवय विसरत नाही. सव्वानऊनंतर गाडीवर पहारा होता. त्याआधी तिच्याजवळ होता एकच माणूस. तोच शपथेवर सांगतो, पोचलो तेव्हा रिंगा वर-खाली होत्या. का सांगतो? रिंगा हलल्या त्या तो येण्याआधी, हे ठसवायला." बाईंनी खिशातून रुमालात गुंडाळलेला हुकपाना काढला. "हा चार नंबरच्या पिशवीतला. पिशवी उघडलीच नव्हती म्हणे. मग हुकात ओढ्याची करडी माती कुठून आली?"

जावयाचा चेहरा मातीसारखाच झाला होता. मुलीनं बाहीवरचा हात काढला नाही. तो तिथेच राहून गेला.

"पडलेल्या गाडीच्या मागच्या पत्र्यावर पिवळा ओरखडा आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्या सकाळी चार नंबरचा बंपर पिवळा होता. दुपारी वाकलेला निघाला, म्हणून बदलला. ते तुमच्याच सासऱ्यांनी लिहून ठेवलंय. तुम्हाला वाटलं, ते विसरतील. विसरलेही. पण लिहिल्यानंतर."

"मारायचं नव्हतं मला," जावई म्हणाला. आवाज तेवढाच मऊ. "त्या मणक्याच्या बाईचं नाव काढलं त्यांनी. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, आणि पोलिसातही देणार. निघाले. मी मागून ठोकलं, थांबावेत म्हणून. वळण होतं."

"आणि बाबा?" मुलगी म्हणाली. "बाबांना का?"

तो तिच्याकडे बघेना. "त्यांना आठवणार नव्हतं. मला आठवलं असतं."

तेव्हा तिनं हात काढला.

फौजदारांनी त्याला बाहेर नेलं. धाकटे मालक त्यांच्यामागून गेले. मास्तर चित्र काढून घेऊ लागले. पाच वर्षांच्या पोरासारखे आपण काळं-पांढरं रंगवत बसलो आणि दिसलं काहीच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

मिस्त्री मोकळे दिसत होते. त्यांनी भिंतीवरचे पाने नीट केले, चार नंबरजवळ गेले, वाकून शॉकअप पाहिला.

"जावई कुठे गेला गं?" त्यांनी विचारलं. "याच्या रिंगा बघायच्या राहिल्यात."

मुलीनं सांगितलं. सगळं, सावकाश, जसं वॉर्डात नातेवाइकांना सांगत असेल तसं. म्हातारा खाली बसला. बराच वेळ तोंडावर हात धरून होता. मग हात खाली आला आणि चेहऱ्यावरून ते सगळं हळूहळू उतरून गेलं. मास्तरांनी ते उतरताना पाहिलं.

"जावई कुठे गेला गं?"

ती वही घेऊन बाकावर बसली. पेन्सिल हातात धरली. लिहून ठेवलं तर बाबा ते रोज सकाळी वाचणार. नाही लिहिलं तर रोज सांगावं लागणार.

वकीलबाई दारात थांबल्या होत्या, पण आत आल्या नाहीत.

शेवटी तिनं वडिलांसारख्याच मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं: 'दोन नंबर. दोन्हीकडे नऊ. बरोबर होते.' खाली एक ओळ कोरी सोडली आणि वही मिटली.

"कामाला गेलाय, बाबा," ती म्हणाली.