खाडीपलीकडची शाळा

असागाया स्टेशनामागच्या गल्लीत, एका केस कापायच्या दुकानाच्या वर, जुनं कॉफीचं दुकान आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तिथे मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे तीन डोकी. प्रत्येकाने आपल्या आवडीचा एक अ‍ॅनिमे चित्रपट बाकीच्यांना सुचवायचा, बाकीच्यांनी तो महिनाभरात बघायचा आणि पुढच्या वेळी त्यावर भांडायचं. नियम एकच, पण कडक. शेवट सांगायचा नाही. ‘शेवट फोडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं,’ असं सेगावासान म्हणत. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले होते आणि लोखंडी राक्षस एकमेकांना हाणतात असे सिनेमे त्यांना प्राणाहून प्रिय होते.

दुसरी त्सुबाकी. कॉलेजात शिकायची. कुत्रा असलेला कुठलाही सिनेमा तिला चालायचा, आणि कुत्रा मरायच्या आधीच ती रडून घ्यायची.

तिसरी चिसातो मुरोई. या दोघांना ती का सहन करते, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. एका स्टुडिओत तिने बरीच वर्षं चित्रं रंगवण्याचं काम केलं होतं. गालावर उजेडाचा रंग कुठे संपतो आणि सावलीचा कुठे सुरू होतो, ती रेघ ठरवणं हे तिचं काम. मुलगी झाली आणि ते सुटलं. आता तिचं सगळं राज्य या एका टेबलापुरतं उरलं होतं, आणि ते ती चाबूक हातात घेऊनच चालवायची.

“या वेळचा माझा सिनेमा म्हणजे, अहो, काय ते युद्ध!” सेगावासाननी सुरुवात केली.

“पत्र्याच्या डब्यांची मारामारी,” चिसातो म्हणाली. “मध्ये एक मुलगी रडते, कारण कुणीतरी रडायला हवं.”

“घ्या! अजून कॉफी आली नाही तोवर पहिला फटका.”

“मला तर त्याचं पोस्टर बघूनच भरून आलं होतं,” त्सुबाकी म्हणाली.

“तुला काय, नूडल्सच्या जाहिरातीनेही भरून येतं.”

“त्यात आजोबा एकटेच जेवत होते हो!”

चिसातोने नाक मुरडलं आणि ती शेजारच्या टेबलाकडे वळली. वळता वळता तिचा चेहराच बदलला. तिथे तिची फुकी बसली होती. चार वर्षांची, हिरव्या सोड्यावर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा चमच्याने बुडवत. जीभ हिरवीगार, हनुवटी चिकट, एक मोजा घसरून टाचेशी गोळा झालेला.

“मोजा वर घे, राजा.”

फुकीने मोजा वर ओढला. तो पुन्हा खाली आला. दोघी हसल्या. जगात नावं न ठेवता बघावी अशी एवढी एकच गोष्ट चिसातोकडे होती.

त्या रविवारी त्सुबाकीने एका नव्या बाईंना आणलं होतं. ओबातासान. पन्नाशीच्या, तिच्या वसतिगृहाजवळच्या लाँड्रीत काम करणाऱ्या. चुकून भलत्याच दुकानात शिरल्यासारख्या त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. ही आता कुठला तरी मांजरांचा सिनेमा सुचवणार, असं चिसातोने मनात लिहूनसुद्धा टाकलं.

“खाडीपलीकडची शाळा,” ओबातासान म्हणाल्या. “जुना आहे. फार कुणाला माहीत नाही.”

चिसातोने डोक्यातली फडताळं भराभर उघडली. नव्हता. म्हणजे एक तर असा सिनेमाच नव्हता, नाहीतर तो तिला माहीत नव्हता. यातली दुसरी गोष्ट सेगावासानसमोर कबूल करण्यापेक्षा गरम कॉफीने जीभ पोळलेली परवडली.

“पाहिलाय,” ती म्हणाली. “लहानपणी. बरा आहे. रंग जरा फिके.”

ओबातासाननी कप खाली ठेवला. “पाहिलाय? तुम्ही?”

“त्यात काय एवढं?”

“नाही, म्हणजे... किती वर्षं झाली, मी विचारतेय. पाहिलेलं कुणी भेटतच नाही. मग तुम्हीच सांगा ना. मला धड सांगता येत नाही.”

आता माघार नव्हती. पण चिसातोला काळजीही वाटली नाही. असले सिनेमे सगळे एकाच साच्यातले. एक लहान मुलगी घ्यायची, थोडं पाणी, एखादा विचित्र प्राणी, झालं. डोळ्यांसमोर जे होतं तेच तिने उचललं.

“एक चार वर्षांची मुलगी आहे. तिचा एक मोजा सारखा घसरतो.”

“डावा,” ओबातासान म्हणाल्या.

“हं. डावा. ती रोज नावेने खाडीपलीकडच्या शाळेत जाते. नाव एक बगळा वल्हवतो.” चिसातो क्षणभर थांबली. बाईला गळाला लावावं, असं तिच्या मनात आलं. “त्या बगळ्याला सारख्या शिंका येतात.”

“आणि दर शिंकेला तो त्या मुलीची माफी मागतो!” ओबातासान हसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चिसातोला मनातून गुदगुल्या झाल्या. ही तर आपल्याहून सराईत निघाली! दोन खोटारडे एकमेकांना टेकू देतायत आणि समोर हे दोन भोळसट कीर्तनाला बसल्यासारखे आ वासून ऐकतायत. बघू या, बाई कुठपर्यंत येते.

“संध्याकाळी मुलगी घरी येते,” ती पुढे म्हणाली. “पण तिकडे तिला थोडं थोडं ठेवून घेत असतात. घरी येते ती दिसायला तशीच, पण कालच्याहून जरा शहाणी. आईला काही कळत नाही. उलट आई खूश असते.”

“अगं बाई,” त्सुबाकीने दंडांवरून हात फिरवला. “काटा आला.”

ओबातासान हळूच वळल्या आणि शेजारच्या टेबलाकडे बघत राहिल्या.

“आणि मग शेवटी...”

“मुरोईसान!” सेगावासाननी हात वर केला. “नियम!”

“मी फक्त एवढंच...”

“एक अक्षर नाही.”

चिसातोने खांदे उडवले. तसाही तिच्याकडे शेवट नव्हता.

त्या आठवड्यात फुकीने ढोबळी मिरची खाल्ली. पानात वाढलेली सगळी, चकार शब्द न काढता. याआधी तिने ती नॅपकिनमध्ये लपवली होती, खिशात भरली होती, एकदा तर फुलदाणीत टाकली होती. चिसातोला इतका आनंद झाला की तिने सप्पोरोला नवऱ्याला फोन केला. त्याची बदली होऊन वर्ष झालं होतं. तोही खूश झाला.

बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, “फुकीचान किती शहाणी झालीये हो! दुपारी न सांगता झोपते. खेळणी जागेवर ठेवते. काय केलंत तुम्ही?”

‘शहाणी’ हा शब्द चिसातोच्या कानात जरा अडकला. मग तिचं तिलाच हसू आलं. पोरीने शेजारच्या टेबलावर बसून गोष्ट ऐकली होती आणि आता ती तसं वागून बघत होती. मुलं करतातच असं.

मोजाही घसरेनासा झाला. एके सकाळी चिसातोने मुद्दाम सर्वांत जुना, रबर पार सैल झालेला मोजा काढून तिला घातला. संध्याकाळी तो आखल्यासारखा गुडघ्याखाली बसलेला होता.

“आज काय केलंस गं शाळेत?”

“तू सांगितलंस ना,” फुकी म्हणाली.

“मी? कधी?”

“त्या दुकानात.”

चिसातोने स्टुडिओतल्या जुन्या लोकांना फोन करून पाहिलं. आयुष्यभर चित्रपटांखेरीज ज्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, असे लोक. या नावाचा सिनेमा कुणीच ऐकलेला नव्हता. तिला हायसं वाटलं. नसलेल्या सिनेमाला भ्यायचं? त्सुबाकीनेसुद्धा असा मूर्खपणा केला नसता.

मग एका सकाळी फुकी खिडकीपाशी पेज खात बसली होती. ऊन तिच्या एका गालावर पडलं होतं. चिसातो नेहमीसारखी मायेने बघत होती, आणि बघता बघता तिला काहीतरी खटकलं. माणसाच्या गालावर उजेड सावलीत विरत जातो. लहान मुलाच्या गालावर तर अशा मऊपणाने विरतो की कुठे संपला ते सांगता येत नाही. ते कागदावर कधीच जमत नाही, म्हणून तर रंगवणारे तिथे एक रेघ ठरवतात.

फुकीच्या गालावर रेघ होती.

ती उठून जवळ गेली. फुकीने मान वळवली, दुसरा गाल उन्हात आला, आणि तिथेही ती रेघ नीट आपल्या जागी येऊन बसली.

“काय गं आई?”

“काही नाही. खा तू.”

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फुकीला घेऊन सर्वांच्या आधी दुकानात येऊन बसली. सेगावासान जिना चढता चढताच बोलू लागले.

“मुरोईसान, तुमचे उपकार झाले! अहो, मीसुद्धा पाहिलाय तो!”

“काय पाहिलंय?”

“शाळा! खाडीपलीकडची! निइगाताला, लहान असताना, शाळेच्या पटांगणात पडदा लावून दाखवला होता. साफ विसरलो होतो. तुम्ही बगळ्याचं म्हणालात आणि घरी गेल्यावर सगळा आठवला.”

“मी आजीकडे पाहिला होता, टीव्हीवर,” त्सुबाकी म्हणाली. “तो प्रसंग आठवतो? आई मुद्दाम मुलीला सैल झालेला जुना मोजा घालते, आणि संध्याकाळी बघते तर तो घसरलेलाच नसतो! मी उशीखाली डोकं घातलं होतं.”

चिसातोने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

“ऐका,” ती म्हणाली. आवाज नीट ठेवायला तिला कष्ट पडले. “मी खोटं बोलले. मी तो पाहिलेला नाही. असा सिनेमाच नाही. सगळं तिथल्या तिथे रचलं मी.”

मग सेगावासान खो खो हसले.

“बघ त्सुबाकी! आता आपल्यासारख्यांनीही पाहिला ना, म्हणून यांना तो टाकाऊ वाटायला लागला.”

“मुरोईसानचं नेहमीचंच आहे.”

“बरं, आहे सिनेमा!” चिसातोने टेबलावर हात आपटला. “मग शेवटही ऐका. मुलगी परत येते. खरी मुलगी. सगळीच्या सगळी. बगळा तिला आणून सोडतो, आई तिला ओळखते, आणि दोघी घरी जातात. संपलं.”

तिने त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. दोघांनीही नाक मुरडलं होतं.

“शी! इतका गुळमट?” सेगावासान म्हणाले. “चहात साखर घालून वर मध? मुरोईसान, हे तुम्ही म्हणताय?”

“तुम्ही खरंच पाहिलेला नाही वाटतं,” त्सुबाकी म्हणाली.

“नसेल तर नसेल,” सेगावासान मवाळपणे म्हणाले. इतक्या मवाळपणे की ते तिला थपडेसारखं लागलं. “त्यात लाजायचं काय? सगळ्यांनी सगळंच कुठे पाहिलेलं असतं?”

चिसातो ओबातासानकडे वळली. त्या खुर्चीत आज पार मागे टेकून, निवांत बसल्या होत्या.

“काय आहे शेवट?”

“नियम आहे ना, मुरोईसान.”

“नियम गेला खड्ड्यात. मुलगी परत येते का? एवढंच सांगा.”

ओबातासाननी कपातला चमचा काढून बशीत ठेवला. “मीसुद्धा असंच विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझी तेव्हा पाच वर्षांची होती.”

“मग?”

त्यांनी नाही अशी मान हलवली.

“त्सुबाकी. तू सांग. हात जोडते मी.”

त्सुबाकी शेजारच्या टेबलाकडे बघत होती. जाहिरातीतल्या आजोबांसाठी रडणारी मुलगी ती. आज तिचे डोळे कोरडे होते. शेवट ठाऊक असलेलं माणूस सिनेमा दुसऱ्यांदा बघताना जसं बघतं, तशी ती बघत होती.

फुकीचा सोडा संपला होता. टेबल पुसलेलं होतं. जीभ गुलाबी होती.

“आई,” ती समजूत घालत म्हणाली, “आधीच सांगितलं तर मजा जाते.”

चिसातोने तिला उचललं आणि पैसेही न देता ती जिना उतरली. मागून कुणी हाक मारली नाही.

रस्त्यात ऊन होतं. तिने फुकीच्या केसांत नाक खुपसलं. वास तोच होता. श्वास तोच होता. छातीपाशी धडधडत होतं तेही तेच. त्या ओबाताबाईला वेड लागलंय, आणखी काही नाही, ती स्वतःला म्हणाली. उद्या पहिल्या गाडीने सप्पोरोला जायचं. पुन्हा त्या मूर्खांचं तोंड बघायचं नाही. ती घरापर्यंत हे घोकत राहिली, आणि घराच्या दारात येईपर्यंत तिला ते जवळजवळ पटलंही.

तिने कुलूप उघडलं आणि फुकीला खाली ठेवलं.

दार उघडलं की “आले!” म्हणून ओरडायचं, एक बूट इकडे, एक तिकडे भिरकावायचा आणि अनवाणी आत धूम ठोकायची, ही त्या घरातल्या मुलीची रोजची रीत.

आज ती उंबऱ्याशी थांबली.

तिने बूट काढले. उकिडवी बसून ते उचलले, दोन्ही जोडून ठेवले, टोकं दाराकडे वळवून, परक्या घरी गेल्यावर पाहुणे ठेवतात तसे.

मग उभी राहून तिने चिसातोला वाकून नमस्कार केला.

“त्रास देते हं थोडा,” पाहुणे आत येताना म्हणतात तसं ती म्हणाली, आणि आत बोलावण्याची वाट बघत तिथेच उभी राहिली.