गालातला मणी

जेवलात ना सगळे? मग ऐका. जेवणाआधी सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. मिथुननं ती मला स्वतः सांगितली, तोंडावर रुमाल धरून.

दहा डिसेंबर अठ्ठ्याण्णव, गुरुवारची रात्र. मिथुन तेव्हा इथं आखातात, रास अल खोरच्या मजुरांच्या कॅम्पात राहायचा. दुसऱ्या दिवशी त्याचं गावाकडं विमान होतं. खोका भरून, चिकटपट्टी मारून झाला होता. वरून बांधायला दोरी संपली, म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानात निघाला. खोक्यात त्याच्या सामानाबरोबर समाधानचे चार कपडे होते आणि समाधानच्या बापाचं लोखंडी घमेलं. ते शोभनाला, म्हणजे समाधानच्या बायकोला, पोचवायचं होतं. समाधानला जाऊन तेव्हा महिना झाला होता.

हा समाधान झारेकऱ्याच्या घरातला. सोनाराच्या दारातली माती, गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. इथं तो मैल्याच्या टँकरवर होता. कॅम्पामागं दागिन्यांचा एक कारखाना होता. त्याचा शेठ मोठा हुशार, फरशीवरचा केरसुद्धा कुलपात ठेवायचा. पण कारागिरांच्या अंगावरची सोन्याची भुकटी अंघोळीच्या पाण्याबरोबर संडासाच्या टाकीत जाते, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. समाधानच्या आलं. त्यानं घमेलंभर गाळ धुतला, कण धरायला पारा फिरवला, भट्टी दिली, आणि ज्वारीच्या दाण्याएवढा मणी हातात आला.

शोभनानं मंगळसूत्र मोडून त्याच्या व्हिसाचे पैसे भरले होते. "हा पहिला मणी तिचा," असं म्हणून त्यानं तो गालात ठेवला. तिला फोनवरही तेच सांगितलं. मिथुनला म्हणाला, "कॅम्पात कुलपं फुटतात, भावा. गालातलं कोण चोरतंय?"

टाकीचं गुपित त्यानं कॅम्पात फक्त मिथुनला सांगितलं. आणि मिथुनच्या तोंडात तीळ भिजत नाही. आठवडाभरात सगळा कॅम्प टाकीवर! बादल्या, पातेली, अरे, खैरुद्दीननं तर भाताचा टोपसुद्धा आणला. दिवसभर साइटवर राबायचं आणि रात्री कोपरापर्यंत घाणीत हात. त्याच हातांनी खुबूस, म्हणजे इथली रोटी, मोडून खायचे. थू! सोनं दिसलं की माणसाचं नाक मरतं. शोधलं एकट्यानं, तुटून पडले सगळे.

एका रात्री समाधान टाकीत खाली उतरला आणि गॅस लागून तिथंच कोसळला. वरून कॅम्पातलाच जहूर म्हणाला, "पुलिस आएगी तो खलास. टंकी बंद." झालं, कुणी हाकसुद्धा मारली नाही. तो खाली पडलेला आणि वर गाळ धुणं चालूच, उजाडेपर्यंत. सांगतानाही मला ओकारी येते.

सकाळी त्याला बाहेर काढला. आपल्यात मेलेल्याच्या तोंडात सोनं घालतात. मिथुन रडत पुढं झाला आणि त्यानं समाधानच्या तोंडात दोन बोटं घातली. बघणाऱ्यांचे डोळे भरून आले. "मित्र असावा तर असा," म्हणाले.

अरे, घातलं नव्हतं त्यानं. काढलं होतं.

त्या मण्याची अंगठी करून साखरपुड्यात गावाकडं ठरलेल्या रुपालीच्या बोटात घालायची, असं त्याचं ठरलं होतं. तोवर मणी त्याच्या गालात. मेलेल्याच्या तोंडातला, न धुता. छी!

तर गुरुवारी दोरी घेऊन मिथुन परत निघाला. कारखान्यामागच्या रस्त्यानं. टाकीवर आता सिमेंटचं झाकण होतं. वारा पडलेला. रस्त्यावर कुत्रंही नाही.

खळ्... खळ्...

घमेलं हलवल्याचा आवाज.

मिथुन थांबला. झाकणावर कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठमोरं. कोपरापर्यंत काळं.

"कोण? खैरुद्दीन?..."

खळ्... खळ्...

"अरे, कोण आहे?..."

आवाज थांबला. वास आला. त्यानं नाक दाबलं. वास येतच राहिला.

ते वळलं.

समाधान.

त्यानं तोंड उघडलं. आत जीभ नाही. दात नाहीत. नुसता गाळ... हळूहळू हलणारा.

मग त्यानं दोन बोटं पुढं केली.

मिथुन ओरडायला गेला. त्यानं तोंड उघडलं...

...

खोलीत कसा पोचला, त्याला आठवत नाही. गालात मणी नव्हता. भीतीनं गिळला असेल, असं त्यानं मनाला समजावलं. खोक्याला दोरी बांधली आणि सकाळी विमानात बसला.

शोभनाच्या ओसरीवर त्यानं तिच्यादेखत खोका उघडला. दोरीची गाठ त्याचीच. चिकटपट्टी जशीच्या तशी. समाधानच्या कपड्यांवर डाग नाही. आणि कोरडं ठणठणीत करून ठेवलेल्या घमेल्यात ओंजळभर काळा गाळ. ओला.

मिथुननं तोंड फिरवलं. शोभना मात्र झारेकऱ्याची सून. तिनं तांब्याभर पाणी ओतलं, घमेलं धरलं.

खळ्... खळ्...

तळाशी मणी.

तिनं तो तळहातावर घेतला. बोटानं फिरवून बघितला.

"हे फोनवर म्हणाले होते, गालात ठेवलाय म्हणून," ती म्हणाली. "तुम्हीच काढलात ना, भावजी? मला द्यायला?"

हो म्हणायचं होतं. एवढंच. मिथुननं तोंड उघडलं.

शोभनानं पदर नाकाला लावला आणि ती मागं सरली.

घमेल्याला कसलाच वास नव्हता.