पहाऱ्यावरची नोंद

"मॅडम, तिसरा खांब दोन बोटं वाकडा आहे."

शिडीवर चढून दोरी आवळणाऱ्या मंडपवालीने खाली पाहिलं. कोण हा टिकोजीराव? मंडपाच्या दारात पहाऱ्यावर ताठ उभा, अंगात फौजेतला जुना गणवेश.

"मग? तुमची टोपी चार बोटं वाकडी आहे. मी काही बोलले?"

त्याचा हात चटकन टोपीकडे गेला. टोपी सरळच होती! कान मात्र लालबुंद झाले. झालं... तिथंच पोरीचा जीव अडकला.

हे आंदोलनाच्या पहिल्या दिवसाचं. गावचा सरकारी दवाखाना विकायला काढला म्हणून परिचारिका आणि विद्यार्थी मैदानात ठाण मांडून बसले, आणि त्यांच्यापुढे छातीवर पदकं लावून निवृत्त सैनिक उभे राहिले. पोलिसांनी लाठी उगारायची तरी कुणावर? अर्ध्यांना तर याच म्हाताऱ्यांनी कवायत शिकवलेली! त्या म्हाताऱ्यांत तरणाताठा असा हा एकटाच, गुडघ्याला मार लागून तिशीतच फौजेतून सुटलेला, परगावाहून खास आंदोलनासाठी आलेला. त्या म्हाताऱ्यांच्या म्होरक्याने, मेजरसाहेबांनी, त्याला दारावर नेमलं.

पुढे रोज मंडपाची एक ना एक गाठ सैल व्हायची आणि रोज दुपारी तिला यावंच लागायचं. मग चेष्टा, टोमणे, चोरटे कटाक्ष... पण मनातलं विचारलं की स्वारी लगेच टोपी सरळ करायला लागायची!

एकविसाव्या दिवशी सरकारने माघार घेतली. सगळे नाचत-गात घरी गेले. पावसाची भुरभुर सुरू झाली. मंडप उतरवून तिला संध्याकाळी दुसरीकडे उभारायचा होता, आणि त्याला चारच्या गाडीने आपल्या गावी जायचं होतं. आज हा बोलला नाही तर परत भेटायला निमित्त कुठलं? तिला नुसतं रडू फुटायचं बाकी होतं. आणि हा पठ्ठ्या अजून दारातच!

"अहो, जिंकलात ना? मग हला की आता!"

"ज्याने पहाऱ्यावर उभं केलं, त्यानेच येऊन मोकळं करायचं असतं, मॅडम. मेजरसाहेब विसरले."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"तर... तुम्ही असाल ना इथं?"

"एवढं बोलता, मग पुढचंही बोला!"

"पहाऱ्यावर खासगी बोलायची मनाई आहे."

"कर्म माझं!"

तिने मेजरसाहेबांना फोन लावला. पण फोनवरचा हुकूम याला चालेना. शेवटी म्हातारा रिक्षा करून आला, पायात घरातल्या सपाता, डोळ्यांवर दुपारची झोप.

"अरे गाढवा, लढाई संपली!"

"सर, मोकळं केलं नाहीत."

मेजर वरमले. मग सपातांतच टाचा जुळवून म्हणाले, "नोंद सांग."

पहाऱ्यावरून सुटताना शिपायाने जे जे पाहिलं ते सांगायचं, त्यात लपवाछपवी नाही. त्याने घसा खाकरला.

"सर, पोलीस दोनदा आले. पाणी पिऊन गेले. वारा नव्हता, तरी रोज एक गाठ सैल झाली. ती सकाळी मॅडमच सोडायच्या आणि दुपारी येऊन बांधायच्या. मी पाहिलं. अडवलं नाही."

अगं बाई! मंडपवालीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"का नाही अडवलंस?" मेजर गरजले.

"सर... अडवलं असतं तर त्या दुपारी आल्या नसत्या. माझं प्रेम आहे त्यांच्यावर. नोंद संपली, सर."

मेजरांनी मिशीत येणारं हसू कसंबसं गिळलं. "पहाऱ्यावरून तू मोकळा. पण गुन्हा गंभीर आहे. पोरी, मंडप तुझा, तेव्हा शिक्षा तूच सांग."

तिचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

"आधी तो खांब धरा," ती म्हणाली. "आणि यापुढे जन्मभर माझ्याबरोबर मंडप बांधायचे. आत्ताच सांगून ठेवते हं, यातून मोकळं करायला कुण्णी येणार नाही!"

"नकोच यायला," तो म्हणाला, आणि खांब सोडून त्याने तिचा हात धरला.