गेटवरची विचारपूस

आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यातलं ते काम तसं किरकोळ होतं. कामगाराने गेटवर कार्ड लावलं की भिंतीवरच्या मॉनिटरवर त्याचं नाव आणि पुढे ‘स्वागत आहे’ एवढंच यायला हवं होतं. त्यासाठी राजरत्नने सर्व्हरवर एक साचा लिहून ठेवला होता, नावाची जागा मोकळी सोडून. कार्ड लागलं की सर्व्हर ती जागा भरायचा, त्याची छोटीशी स्क्रिप्ट तयार करायचा आणि गेटवरच्या ब्राउझरला धाडायचा. ब्राउझर ती चालवून अक्षरं सरकवत दाखवायचा. साच्यात असेल तेच बाहेर पडणार. दुसरं काही पडायला वावच नव्हता.

२००७ चा मे महिना. सकाळच्या पाळीला मिक्सिंगवाल्या रघुनाथने कार्ड लावलं आणि पडद्यावर आलं, ‘रघ्या, कान झाकलंस का रं?’

रांग खदखदून हसली. “एवढ्या उन्हात कान झाक, रघ्या!” रघु मात्र कार्ड हातात धरून उभाच राहिला. “पोरपणी कान फुटायचा माझा,” तो म्हणाला. “आय बोलायची असं. तुला कुनी सांगितलं?”

राजरत्नला कुणीच सांगितलं नव्हतं. सर्व्हरवर ‘रघ्या’ हे नावसुद्धा नव्हतं.

टाइम ऑफिसचे चिंतामणी केबिनमधून बाहेर आले. “अहो राजरत्न, ही कसली थट्टा? दुसऱ्या पाळीला मालक येतायत. तोवर नीट झालं नाही तर गाशा गुंडाळा.”

लगेच उल्हासनगरहून मुकेश सेठचा फोन. राजरत्न कामाला होता त्या त्याच्या कॅम्प तीनमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानाला कारखान्याचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. “साईं, ही पार्टी गेली ना, तर तू पण गेला समज.”

राजरत्नने साचा उघडला. ‘स्वागत आहे’ जागच्या जागी होतं. गेटवर जाऊन ब्राउझरला आलेली स्क्रिप्ट उघडली, तर तिच्यात रघूचे कान. पुन्हा सर्व्हर, पुन्हा गेट. मधल्या अंगणात ऊन नुसतं भाजत होतं. दुकानातल्या सोबत्याचा, सुयोगचा हा चावटपणा असेल म्हणून त्याने पासवर्ड बदलले. बायकोने, अस्मिताने दिलेला डबा पिशवीत तसाच पडून होता. शेवटी वैतागून त्याने साच्यातलं ते वाक्यच खोडलं. उरली फक्त दोन अवतरणचिन्हं, मधे काही नाही.

झाडलोट करणाऱ्या बनूबाईंनी कार्ड लावलं.

‘बने, आधी केस सुकव.’

बनूबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. “आई माझी,” त्या हळूच म्हणाल्या. “ती गेली तेव्हा मी परकरात होते.”

“बघू,” म्हणत चिंतामणींनी स्वतःचं कार्ड लावलं. ‘चिंतू, दार नुसतं लोटून घे.’ ते वॉचमनच्या स्टुलावर बसले.

“आमचे दादा,” ते म्हणाले. “दवाखान्यातले त्यांचे शेवटचे शब्द. राजरत्न, ही सगळी गेलेली माणसं आहेत हो.”

“साहेब, कोण गेलं न् कोण राहिलं हे सर्व्हरला कळत नसतं!” राजरत्नचा आवाज चढला. “मी लिहिलंय तेवढंच त्याला कळतं. आणि मी काहीही लिहिलेलं नाही. माझं तर कुणी गेलेलंही नाही. आई-बाबा बुवापाड्यात ठणठणीत आहेत, बायको बदलापूरला घरी. तुमचं खरं असेल तर माझ्या कार्डावर काही यायलाच नको. बघा आता.”

त्याने चाचणीसाठी बनवलेलं स्वतःचं कार्ड लावलं.

अक्षरं सरकत आली. ‘मेथी सांगितलीय. शेपू नका आणू, साहेब.’

राजरत्न मोठ्याने हसला. सकाळपासूनचा सगळा ताप त्या हसण्यात निघून गेला. “झालं! आज सकाळी दारात बायको हेच म्हणाली. शब्द न् शब्द. जिवंत बाई आहे, साहेब! म्हणजे तुमचं ते गेलेल्या माणसांचं—”

कुणी हसलं नाही.

रघु जमिनीकडे पाहत होता. बनूबाईंनी पदर तोंडाला लावला.

राजरत्नने मोबाईल काढला. घरचा नंबर. रिंग वाजत राहिली, शेवटपर्यंत.

पुन्हा लावला.

पुन्हा.

तो पिशवी तिथेच टाकून गेटबाहेर धावला.

मागे मॉनिटरवर काहीतरी हललं म्हणून चिंतामणींनी वर पाहिलं. कार्ड कुणीच लावलं नव्हतं.

‘धावू नका,’ पडद्यावर आलं. ‘डबा खाऊन या.’