महादेवरावांच्या नावावर

चिखलीच्या बसस्टँडसमोर सुचिताचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. एप्रिलच्या त्या उन्हात तिथं दोनच गोष्टी न थांबता चालत, एक कूलर आणि दुसरं सुचिताचं तोंड. सर्व्हर मात्र पडलेला. अशा भर दुपारी दारात एक उंच, सावळा माणूस येऊन उभा राहिला, आणि कधी नव्हे ती सुचिता बोलता बोलता अडखळली.

“पुण्याच्या संशोधन संस्थेचा फॉर्म भरायचा होता... प्राध्यापकाची जागा आहे.”

“सर्व्हर बंद हाये सर. उद्या या.”

तो दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. गजेंद्र इंगळे, जानेफळच्या महादेवरावांचा मुलगा. पाच वर्षं जर्मनीत होता, तिथली मुदत संपली म्हणून घरी परतलेला.

“तिकडं काय करत होते तुमी?”

“लोखंड तापलं की त्याचं चुंबकपण एकदम जातं. नेमकं कधी जातं, ते गणितानं सिद्ध करत होतो.”

“पाच वर्सं?”

“हाव... लोखंड लई हट्टी असते.”

ती खुदकन हसली. पुस्तकी बोलता बोलता तो असा वऱ्हाडीवर आला, की तिला उगाच बरं वाटे. चौथ्या दिवशी सर्व्हर सुरू झाला, तरी तिनं त्याला सांगायला तासभर लावला. आता खरं सांगायचं तर, पोरगी पार गुंतली होती.

“आन् नाई लागली नोकरी तर?” तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तर इथंच क्लास काढीन. तुमच्या दुकानावरची खोली रिकामीच आहे ना?”

आता सांगा, असं ऐकल्यावर कुणाला झोप लागेल?

फॉर्म भरता भरता शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी पाचला तो बंद होणार होता. शेवटच्या पानावर सायटेशन विचारले होते, म्हणजे त्याच्या कामाचा आधार इतर संशोधकांनी किती वेळा घेतला, तो आकडा. किमान दोनशे हवे होते. त्याच्या नावावर निघाले चौसष्ट.

“मले वाटलं होतं, जास्त असतील,” तो हळूच म्हणाला.

सुचिता दिवसभर नावंच भरत बसायची. आधी आडनाव, मग आपलं नाव, शेवटी बापाचं, असं शाळेनं शिकवलेलं नाव सगळा तालुका लिहितो. तिनं लेख शोधायच्या जागी मुकाट्यानं ‘महादेव’ टाइप केलं. त्याचे सुरुवातीचे चार लेख समोर आले, दोनशे एकतीस सायटेशनसकट. तेव्हा त्यानंही नाव तसंच लिहिलं होतं, आणि छापणाऱ्यांना शेवटचा शब्दच आडनाव वाटला होता. जगभरचे विद्वान ‘महादेव यांनी सिद्ध केल्याप्रमाणे’ असं लिहून राहिले होते, आणि महादेवराव बिचारे जानेफळला भुईमुगाला पाणी देत होते.

सांगायला हवं होतं. तिनं नाही सांगितलं. गप्प राहिलं, की पुणं गेलं आणि माणूस वरच्या खोलीत आला... दहा मिनिटं ती नुसती घड्याळाकडे बघत बसली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

“सर, तुमचं अर्धं काम तुमच्या बाबाच्या नावावर हाये.” तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

डोळ्यांत पाणी येईस्तोवर तो हसला. दोघांनी मिळून आकडे एकत्र केले, पुरावे जोडले. पाचला पाच मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

दीड महिन्यानं तो पेढे घेऊन आला. निवड झाली होती. सुचितानं पेढा घेतला, पण तोंडात न घालता कागदावर ठेवला.

“एक सांगू? तुमी मले आवडता. म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम गप बसली होती... दहा मिनिटं. तुमी इथंच राहावं म्हणून. माफ करा.”

गजेंद्रनं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला.

“मले माहीत हाये. तुमच्या मागं कपाटाची काच हाये ना, तिच्यात स्क्रीन दिसते. आपलं गणित उलटं असलं तरी ओळखू येते.”

“मंग... तुमी काऊन नाई बोलले?”

“मी बी घड्याळच पाहून राह्यलो होतो,” तो म्हणाला. “वाटत होतं, वाजून जावेत एकदाचे पाच.”

सुचिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“पुण्यात बी लोकं फॉर्म भरतात,” तो चाचरत म्हणाला. “म्हणजे... तुमची मर्जी असंल तर.”

तिनं कूलर बंद केला, भर बाराला शटर ओढलं आणि पेढ्यांचा डबा त्याच्या हातात परत दिला.

“चला आमच्या घरी. बाबा जेवायले आले असतील. त्यायले तुमीच विचारा.”