मोठा वाडगा माझा

खानावळवाल्या हात्सुए मावशींनी मोठा वाडगा त्याच्यासमोर ठेवला आणि छोटा तोमोएसमोर.

दोघांनी एकमेकांच्या वाडग्यात डोकावून पाहिलं. शनिवारची दुपार होती. जपानमधल्या कोकुरा शहरातल्या बस डेपोमागच्या त्या स्वस्त खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मावशींनी या अनोळखी माणसाला तोमोएच्या टेबलावर आणून बसवलं होतं. दारातल्या यंत्रातून काढलेली कूपनं दोघांनी एकदमच त्यांच्या हातात दिली होती. तोमोएचं कूपन कात्सुदोनचं, तेही मोठ्या वाडग्याचं. गरम भात आणि त्यावर अंड्यात मुरलेलं, तळलेलं मांस. त्याचं कूपन साध्या उदोन नूडल्सचं, छोट्या वाडग्याचं.

"मावशी, मोठा वाडगा माझा!" तोमोए म्हणाली. जरा जोरातच.

मावशींनी जीभ चावली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तोमोएने मान वळवून पाहिलं, तशी ती माणसं निमूट जेवायला लागली.

समोरच्याने मात्र दोन्ही हातांनी वाडगा उचलून तिच्यापुढे सरकवला. वाफेने त्याचा चष्मा पांढराधोप झाला होता.

"मला वाटलं, आज नशीब उघडलं," तो म्हणाला.

"हवाय एक तुकडा?"

"नको, नको... तुमच्या डोळ्यांत लिहिलंय, हात लावून तर बघ!"

"चष्म्यातून तुम्हाला काही दिसत नाहीये."

"म्हणूनच तर बोलायचं धाडस होतंय."

तोमोएला हसू आलं. तोंडात घास असताना एका परक्या पुरुषासमोर ती खळखळून हसली, आणि मग स्वतःचंच नवल वाटून तिने मान खाली घातली.

त्याचं नाव केइगो सोनोदा. बालवाडीत शिकवायचा. अठ्ठावीस पोरं, त्यातली सहा चावणारी. तोमोए शहर बस चालवायची, बावीस नंबरची. हे ऐकल्यावर माणसं "बाई असून?" म्हणतात, याची तिला सवय होती. उत्तर तयारच असायचं. पण केइगोने विचारलं, "एवढी मोठी बस वळवताना मागचं चाक कुठे आहे, ते कसं कळतं हो?"

तिने चॉपस्टिक्स टेबलावर आडव्या ठेवून दाखवलं. नूडल्स गार होईपर्यंत तो बघत राहिला.

पुढच्या शनिवारी दोन टेबलं रिकामी होती, तरी तो तिच्याच समोर येऊन बसला.

"दुसरीकडे जागा नाही," तो म्हणाला.

तिने रिकाम्या टेबलांकडे पाहिलं. "दिसतंय."

असे बरेच शनिवार गेले. थंडी ओसरली, डेपोच्या कुंपणाशी प्लमची झाडं फुलली. ती आठवड्याभराच्या गमती सांगायची. तिला चालकाच्या जागी पाहून बसमधून खाली उतरलेले आजोबा, "मागच्या बसची वाट बघत गारठले बिचारे!" तो पोरांच्या नकला करायचा. ती नूडल्स जोरात भुरकायची, सुर्रर्र... तो हळूच, चोरून. "अरे, मोकळेपणी खा की! नूडल्स आहेत, औषध नाही," ती एकदा बोलून गेली, आणि दोघंही थबकले. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नव्हतं.

"परत म्हण ना," तो म्हणाला.

"काय?"

"अरे."

"चल, जेव मुकाट्याने!" पण तिचे कान लाल झाले होते.

एप्रिलमध्ये केइगोच्या आईने तिला भेटायला बोलावलं. सोनोदा बाई चहाविधीचे वर्ग घ्यायच्या, शहरात त्यांना मान होता. भेट एका मोठ्या हॉटेलात ठरत होती.

"त्यांना मला बघायचंय ना?" तोमोए म्हणाली. "मग मी जेवते तिथेच बघू देत."

सोनोदा बाई आल्या. राखाडी किमोनो, एक केस इकडचा तिकडे नाही. खुर्चीवर रुमाल अंथरून बसल्या आणि त्यांनी फक्त चहा घेतला. तोमोएने नेहमीचंच मागवलं, आणि नेहमीसारखंच खाल्लं.

"ही नोकरी किती दिवस करायचा विचार आहे?" बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

"निवृत्त करतील तोवर."

"आमच्या घरी सून वर्ग सांभाळते. लोक विचारतात, सून काय करते? काय सांगायचं आम्ही?"

"बावीस नंबर चालवते म्हणून सांगा. वेळेवर येते."

मावशींच्या हातातला झारा मध्येच थांबला. बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. "केइगो, तुला काही बोलायचंय की नाही?"

तोमोएने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं... मिटलं... पुन्हा उघडलं.

"आई," तो म्हणाला, "चहा निवतोय."

बाई निघून गेल्या. केइगो तसाच बसून होता.

"तुझी आई बोलली, त्याचं मला काही वाटलं नाही," तोमोए शांतपणे म्हणाली. "पण तू म्हणालास, चहा निवतोय. ते लागलं. ऐक, मी पोटभर खाणार, आवाज करून भुरकणार आणि बस चालवणार. यातलं काडीचंही कमी होणार नाही. झेपत असेल तर ये. नसेल तर दुसरी खानावळ शोध. ही माझी आहे."

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मन दुखलं की माणसं जेवण सोडतात म्हणे. तोमोएने सोडलं नाही. त्याच टेबलावर बसून, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे रोखून बघत तिने शेवटचं शीतही संपवलं. तिसऱ्या शनिवारी खाता खाता डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट जास्त झालं का गं?" मावशींनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. तिने तिखट घेतलंच नव्हतं. "आणखी भात द्या."

चौथ्या शनिवारी खुर्ची सरकली. समोर केइगो होता. दाढी वाढलेली, हातात मोठी बॅग, आणि नेहमीचा छोटा वाडगा.

"दुसरी टेबलं रिकामी आहेत," तोमोए म्हणाली.

"आईला सांगितलं मी."

तोमोएने पुढचा घास घेतला.

"पहिल्या आठवड्यात आवाजच फुटेना. दुसऱ्यात आईने ऐकूनच घेतलं नाही. मग काल... वर्ग चालू असताना आत गेलो. बारा बायका ओळीने गुडघ्यांवर बसलेल्या. सगळ्यांसमोर म्हणालो, माझं जिच्यावर प्रेम आहे ती बस चालवते, आणि चालवत राहणार आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर आईला नको, मला विचारा."

"...मग?"

"एकीने विचारलं, बावीस नंबर रविवारी असते का?"

तोमोएने ओठ दाबून धरले. एवढ्यात हसायचं नव्हतं.

"आई बोलत नाहीये. पण आज निघताना पाहिलं, दारात माझी छत्री काढून ठेवली होती तिने. आभाळ निरभ्र असताना." त्याने पायाने बॅग आत सरकवली. "डेपोच्या कोपऱ्यावर लाँड्री आहे ना, तिच्यावरची खोली घेतलीय."

"तीन शनिवार! कळवायचं तरी होतंस!"

"भ्यालो."

"आईला?"

"तुला."

एवढं बोलून त्याने नूडल्सचा मोठा घास तोंडात भरला, बहुधा आणखी काही बोलायला लागू नये म्हणून. तोमोए त्या भरलेल्या गालांकडे बघत राहिली. बारा बायकांसमोर उभा राहिला हा... हा!

"केइगो, माझ्याशी लग्न करशील?"

केइगोला जोराचा ठसका लागला.

"अगं... हे मी विचारणार होतो..."

"तू विचारेपर्यंत मी निवृत्त होईन. हो की नाही?"

"हो."

"ऐकू नाही आलं."

"हो!" मैदानभर पांगलेल्या पोरांना गोळा करायचा त्याचा आवाज होता तो. भांडी थरथरली. मावशी एप्रनला हात पुसायला गेल्या, आणि त्यालाच डोळे पुसत बसल्या.

तोमोएने घड्याळ पाहिलं, टोपी डोक्यावर चढवली. "मी निघते. एक वाजून दहाची फेरी आहे."

"मीही येतो."

"कुठे?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत."

"फुकट नाही नेणार हं."

तो बॅग मांडीवर घेऊन अगदी पुढच्या जागेवर बसला. वर पाटी होती – गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. केइगो एक शब्दही बोलला नाही. पण दर सिग्नलला आरशात त्याचे डोळे असायचे. आणि बस माणसांनी भरलेली असली तरी, दिवा हिरवा होईपर्यंत, तोमोएही आरशातून नजर काढायची नाही.