मेबलचा तिसावा बॉम्ब

सुख म्हणजे काय, असं सिरिल मार्फ्लीटला विचारलं असतं, तर त्याने हँगरमधली आपली खुर्ची, कडक चहा आणि समोर टेकवलेला 'मेबल'च्या नाकाचा पत्रा दाखवला असता. लिंकनशायरच्या त्या जुन्या लष्करी विमानतळावर आता बीट पिकत होतं. उरलेल्या एकुलत्या एका हँगरमध्ये गावाने संग्रहालय थाटलं होतं. महायुद्धात सिरिल इथेच मेकॅनिक होता.

मेबल म्हणजे लँकेस्टर बॉम्बर. आधीचं दोन इंजिनांचं विमान काही केल्या धड चालेना, म्हणून पंख वाढवून चार इंजिनं बसवली आणि त्याचं सोनं झालं. ही गोष्ट सिरिल येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून ऐकवायचा.

मेबल मोहिमेवरून परतली की तो तिच्या नाकावर एक पिवळा बॉम्ब रंगवायचा. डावखुरा असल्याने त्याच्या बॉम्बांची शेपटं हमखास वाकडी यायची. त्याखाली तिच्यातून उडणाऱ्या सात जणांची नावं. पहिलं वैमानिक केन ऑल्ड्रिजचं, वय वर्षं एकवीस.

"विमान आमचं आहे. तुम्हाला रात्रीपुरतं उसनं दिलंय," सिरिल बजावायचा.

"तिसावी फेरी होऊ दे, चिकटोबा. मग तुलाच वर फिरवून आणतो," केन म्हणायचा.

तीस फेऱ्या झाल्या की त्या सातांची मोहिमांतून सुटका. विमान परतल्याशिवाय त्या फेरीची खूण करायची नाही, हे तळावर सगळेच पाळत. पण तिसाव्या फेरीच्या दुपारी सिरिलला राहवलं नाही. त्याने खडूने तिसावा बॉम्ब आखून ठेवला. मेबल परतलीच नाही. आपल्या खडूने सात पोरं मारली, ही टोचणी त्याने चाळीस वर्षं बायकोपासूनही लपवली होती.

आता हॉलंडच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या गाळातून तेवढा पत्रा निघाला होता. माणसं नाहीत. कोमट साबणपाण्याने तो वीत वीत साफ करायचं काम सिरिलने मागून घेतलं.

मंगळवारी जेवताना बायकोने, हिल्डाने, त्याचा हात धरला. "नखात हे पिवळं काय? पुन्हा कस्टर्डमध्ये बोट घातलंस ना, लबाडा?"

"साबण असेल."

पत्र्यावरचे बॉम्ब चाळीस वर्षांपूर्वीच वाळलेले. हँगरमध्ये दुसरं पिवळं काहीच नव्हतं.

बुधवारी त्याने आपली रंगांची जुनी पेटी उघडली. युद्धानंतर कधी न वापरलेला ब्रश ओला होता. ताज्या रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास येत होता. नवल म्हणजे त्याला भीती वाटली नाही, उलट बरंच वाटलं.

गुरुवारी दुपारी तो बॉम्बांच्या शेवटच्या ओळीवर आला. तिकिटं फाडणारी मॉरीन चहा घेऊन आली आणि बॉम्ब मोजू लागली.

"तीस! तू तर एकोणतीस म्हणायचास."

"मी एकोणतीसच रंगवलेत."

"मग हा कोणाचा? शेपूट तर तुझंच आहे, वाकडं."

सिरिलने अंगठा टेकवला. अंगठा पिवळा झाला.

खडूची रेघ नव्हती. रंग होता. आणि रंग परत आल्यावरच लागतो.

तो लहान मुलासारखा रडला. मॉरीन गडबडली, "चहा गार होतोय रे," एवढंच म्हणून निघून गेली.

मग हलक्या मनाने तो नावांकडे वळला. केनचं नाव उजळलं. एकामागून एक सातही उजळली. सातव्याखाली अजून गाळ होता. त्याने फडकं फिरवलं.

आठवं नाव.

रंगवलेलं नव्हतं. नुसतं खडूने आखलेलं, कोरडं, पांढरंशुभ्र. सी. मार्फ्लीट. अक्षर त्याचं नव्हतं.

ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्याने ते पुसलं गेलं असतं. सिरिलने फडकं पिळलं आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलं.

घरी गेल्यावर तो हिल्डाला म्हणाला, "उद्या माझा जाड कोट काढून ठेव."

"मे महिन्यात?"

"वर गार असतं."